वेबसाइटवरचा दोर

आमच्या दारात निळा दोर मागायला माणूस आला, त्या सकाळी माझं आणि बायकोचं भांडण झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडलं त्याचं खापर बऱ्याच जणांनी आमच्या भांडणावर फोडलं. नवऱ्यावरचा राग कचेरीतल्या साहेबावर काढला, असं म्हणाले. माझ्यावरचा राग ती माझ्यावरच काढते, दुसऱ्याला त्यात वाटा देत नाही.

उन्हाळ्यात आमचं काम सकाळी नवाच्या आत उरकावं लागतं. नंतर वारा इतका कोरडा सुटतो की ताग पीळ धरत नाही, तडतड तुटतो. घरामागे साठ पावलांची बोळ आहे, तोच आमचा कारखाना. एका टोकाला चाक आहे, ते मी फिरवतो. बायको कमरेला तागाचा पुंजका गुंडाळते, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवते आणि बोटांतून तंतू सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जाते. मागचं तिला दिसत नाही, पण बोळीतला खड्डा न् खड्डा तिच्या टाचांना पाठ आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी ती माझ्याकडे तोंड करून लांब जात राहिली आहे.

ती बोळीच्या पार टोकाला पोचत आली असताना इकडे माझ्या पाठीमागे मोटरसायकल थांबली.

"दोरघर हेच का?"

मला आधी कळेचना. मग आठवलं, वेबसाइटच्या फॉर्मात दुकानाचं नाव लागतं म्हणून आमच्या पोरीने तसं लिहिलं होतं. इतक्या पिढ्यांत आमच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, नावं मात्र पुष्कळांनी ठेवली.

"हेच. काय पाहिजे?"

"विहिरी उपसतो मी, गाळ काढतो. दोघं भाऊ आत उतरतात, मी वर असतो." त्याच्या कानामागे, नखांत, भुवयांत वाळलेला चिखल होता. "पंधरा वाव दोर पाहिजे. तुमचा तो निळा."

"निळा आमच्याकडं नसतो."

"असं कसं? हे बघा की." त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. वर मोठ्या अक्षरांत 'दोरघर', खाली आमचा फोन नंबर, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या निळ्या दोराचं चकचकीत भेंडोळं. "पाचशे किलो पेलतो लिहिलंय. म्हणजे माणूस सोडायला हरकत नाही ना?"

बायकोच्या कानाला साठ पावलांवरूनही 'माणूस' हा शब्द ऐकू जातो. तिने हातातला पेड सोडून दिला. तो आक्रसला, स्वतःभोवतीच वेटोळी घालत जमिनीवर पडला. अर्धा पेड तिने सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. ती तरातरा आली, पदराला हात पुसले आणि फोन हातात घेतला.

"ही बाई कोण?"

निळ्या दोराशेजारी एक गोरीपान बाई हसत उभी होती. खाली लिहिलं होतं, 'आमच्या संचालिका'.

"तुम्ही नाही?" विहीरवाला म्हणाला.

"हिची नखं बघा. हिनं चपलेचा तरी बंद बांधला असेल का?" बायकोने फोन परत दिला. "भाऊ, हा दोर आमचा नाही. यावर माणूस सोडू नका."

"मग तुमच्या नावावर कसा आला?"

"तेच विचारायला जाते आता. तुम्ही आठव्या दिवशी या. तागाचा पंधरा वाव वळून ठेवते. बसून दाखवल्याशिवाय देणार नाही."

विहीरवाला गोंधळला. त्याला काय माहीत, आमच्याकडे बसून दाखवतात म्हणजे काय करतात.

ते सांगतो. आमच्या घरात नियम आहे: विहिरीला जाणारा दोर ज्याने वळला, त्याने आधी त्यावर लोंबायचं. बोळीच्या कोपऱ्यावर मोठं झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीवरून दोर टाकायचा, टोकाला मांडी मावेल असा फास करायचा, त्यात बसायचं. बाकीच्यांनी ओढून वर घ्यायचं. वर तीन झोके, तीन हिसडे. मग दोर विकायचा. माझ्या आजोबांनी केलं, बाबांनी केलं, मीही केलं. आठ वर्षांपूर्वी हाताशी ताग कमी होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं, म्हणून मी एका पेडात आदल्या साली भिजून कुजलेला ताग मिसळला. दिसत नव्हता. तिसऱ्या हिसड्याला दोर तुटला आणि मी डाव्या मनगटावर पडलो. मला दवाखान्यात नेताना बाबा हसत होते. "बरं झालं," म्हणत होते, "तूच पडलास, दुसरा कुणी नाही."

मनगट वाकडं जुळलं. तेव्हापासून मी चाक फिरवतो, वळायचं काम बायको करते. आणि लोंबतात ती आणि बाबा. माझ्या मनगटाला सोसत नाही, असं मी म्हणतो. फासात बसायला मनगट लागत नाही हे तिलाही माहीत आहे. पण आठ वर्षांत तिने ते एकदाही तोंडातून काढलं नाही.

आता वेबसाइटचं. गिऱ्हाईक प्लॅस्टिककडे वळलं तसा आमचा धंदा आटत गेला. गेल्या उन्हाळ्यात तीन दोर गेले, तेही ओळखीच्यांना. पोरगी कॉलेजात जाते, तिने कचेरीतला कागद आणला. छोट्या उद्योगांना वेबसाइट काढायला सरकार अनुदान देणार होतं. निम्म्यात वेबसाइट, तीही सरकारने नेमलेल्या माणसाकडूनच, आणि निम्मं आपल्या हातात, धंद्यासाठी. "आई, कुठल्या कुठं दिसेल आपला दोर," पोरगी म्हणाली. बायकोच्या नावाने अर्ज गेला. लांबी किती, या रकान्यात तिने वाव लिहिले. दोन्ही हात पसरले की एक वाव. किती फूट, असं विचारलं तर तिने हात पसरून दाखवले.

एक रकाना होता: 'उत्पादनाची गुणवत्ता दाखवणारा फोटो'. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यात विचार करण्यासारखं काय होतं? बाबांना झाडाला लटकवलं आणि पोरीने फोटो काढला. नेमकी त्याच वेळी बाबांची चप्पल पायातून गळून पडली आणि ते मान खाली घालून ती शोधत होते. फोटो तसाच आला. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. झाड होतं, दोर होता, दोरावर म्हातारा होता. यापेक्षा चांगली गुणवत्ता काय दाखवायची?

तो फोटो पाहून कचेरीतल्या कारकून बाईने किंकाळी फोडली, हे आम्हाला फार नंतर कळलं.

बायको, पोरगी आणि मी कचेरीत गेलो. पंखा फिरत होता, वारा फक्त साहेबाला लागत होता. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून मी उभा राहिलो.

"त्या म्हाताऱ्याच्या फोटोनं घाम फोडला हो आम्हाला," तो म्हणाला. "माणसानं गळफास घेतलाय असंच वाटलं. असला फोटो सरकारी योजनेत टाकतात का?"

"गळ्यात कुठं होता? मांडीखाली होता," बायको म्हणाली.

"लोकांना मांडी दिसत नाही, दोर दिसतो. म्हणून यांनी दुसरा टाकला."

हे म्हणजे वेबसाइटवाला. खिडकीशी बसून तो दोन फोन एकदम चाळत होता. बूट इतके स्वच्छ की त्यांना रस्ता माहीतच नसावा. "ताई, फोटो प्रातिनिधिक असतो," तो म्हणाला. "दोर म्हणजे दोर. उलट निळा उठून दिसतो."

"आणि पाचशे किलो कुणी मोजलं?"

"ते भरावंच लागतं. रिकामं ठेवलं तर पान पुढं सरकत नाही."

"मग आमचा फोटो टाका आणि ते पाचशे काढा."

तो साहेबाकडे बघून हसला. बदल करायची मुदत संपली होती. बावीस जणांच्या वेबसाइटी एकदम वर गेल्या होत्या, त्यांचा छापील अहवालही झाला होता. आता एका ठिकाणी हात लावायचा तर सगळी मंजुरी नव्याने आणायची. साहेबाने कपाटातून एक कागद काढून बायकोपुढे सरकवला. 'वेबसाइटवरील सर्व माहिती खरी असून काम समाधानकारक झाले आहे.' खाली सहीची जागा. त्याखाली 'शेरा असल्यास' आणि तीन कोऱ्या ओळी.

"एकवीस जणांनी केली सही. तुमची आली की सगळ्यांचा उरलेला निम्मा हप्ता सुटतो. तुम्हालाही मिळेल."

बायकोने कागद दोनदा वाचला. सातवी शिकलेली आहे ती, पण ओठ हलवत वाचते. वेबसाइटवाला तिच्या हलत्या ओठांकडे बघून गालात हसला. ते पाहून माझ्या डोक्यात सणक गेली. पण मी काय केलं? काही नाही. उभाच होतो.

"हे खरं नाही," ती म्हणाली आणि कागद परत सरकवला.

"अहो बाई, कागदावरचं आहे ते."

"विहीरवालाही लिहिलेलं वाचूनच दारात आला होता, साहेब."

साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणि तिथे मी शेपूट घातली. "साहेब, चार दिवस द्या," मी म्हणालो. "सही होईल. मी समजावतो."

बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरी येईपर्यंतच्या वाटेवर ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, सरळ. तिची पाठ इतका वेळ बघायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या सकाळपासून तिने विहीरवाल्याचा दोर वळायला घेतला. ताग निवडताना ती प्रत्येक मुठीचा वास घेत होती, दाताखाली धरून बघत होती. मी चाक फिरवत होतो. बाबा तीन खाचांचा लाकडी ठोकळा घेऊन बसले होते. तिन्ही पेड त्या खाचांतून गेले की मागे आपोआप दोर वळत जातो, फक्त ठोकळा धरणाऱ्याचा हात थरथरता कामा नये. बाबांचा हात एरवी चहाचा कपसुद्धा सांडतो. ठोकळा धरला की दगड होतो.

कागदाचं कुणी बोललं नाही. पण बातमी आमच्या आधी घरोघर पोचली होती.

पहिल्यांदा सुतार आला. अनुदानाच्या यादीत त्याचंही नाव होतं. हप्त्यातून तो विजेवरचा रंधा घेणार होता, खांदा गेला होता बिचाऱ्याचा. त्याच्या वेबसाइटवर परदेशातलं कुठलंसं कपाट होतं, तसलं त्याच्याकडून सात जन्मांत झालं नसतं.

"वहिनी, कपाट माझं नाही, मलाही दिसतंय," तो म्हणाला. "पण कोण विचारतंय? सही ठोकून मोकळा झालो."

"भाऊजी, तुमचं कपाट खोटं निघालं तर काय होईल? दार नीट लागणार नाही." बायको बोलता बोलता मागे जात होती, सुतार तिच्यामागोमाग चालत होता. "माझा खोटा निघाला तर?"

"तुम्ही देऊ नका ना तो दोर कुणाला! नुसतं असू दे तिथं."

"तो माणूस आमच्यापर्यंत आला म्हणून वाचला. दुसरा येणार नाही. बघेल, पाचशे किलो वाचेल, बाजारातून निळा उचलेल आणि भावाला खाली सोडेल. दोरघरवाल्यांनी सांगितलं म्हणेल."

सुताराने खांदा चोळला. "म्हणजे माझा रंधा तुमच्या सहीला लटकलाय."

"माझं नाव यादीतून काढा म्हणून मीच लिहून देते. तुमचं सुटेल."

"नाव काढता येत नाही म्हणाला साहेब. मी विचारून आलो." तो जाताना माझ्याशी बोलला नाही. पंचवीस वर्षांचा माझा दोस्त.

तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई येऊन रडून गेली. चौथ्या दिवशी दुकानदाराने मला चारचौघांत विचारलं, "काय दोरवाले, घरात कुणाचं चालतं?" लोक हसले. मीही हसलो. ते हसू घरी येईपर्यंत तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं.

त्या दुपारी मी तिला गाठलं. ती उंबऱ्यात बसून हाताला तेल लावत होती. तिच्या तळव्यांवर पेडाच्या आडव्या खुणा आहेत, तेलाने त्या अजूनच दिसतात.

"आपल्यापायी एकवीस घरं खोळंबलीत," मी म्हणालो.

"माहितीय."

"पोरीचं बघ. तिनं एवढी धडपड केली. आणि धंदा असा किती दिवस चालणार? जगाला दाखवायची एक संधी आली होती."

"कुणाचा दोर दाखवायची?"

"अगं, एक सही तर आहे!"

ती तळवे चोळायची थांबली. "सही करायची म्हणजे त्या निळ्यावर मी बसले, मग गिऱ्हाइकाला दिला, असं लिहून देणं. मी बसलेली नाही. न बसता सांगू का बसले म्हणून?"

आणि मग आठ वर्षांत न काढलेला विषय तिने काढला. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला ते सोपं वाटत असेल. तुम्ही आठ वर्षं असंच सांगताय, मनगट म्हणून."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. बाबा आत झोपले होते, पण घोरणं थांबलं होतं. मी उठून बोळीत गेलो आणि रिकामं चाक उगाच फिरवत बसलो. राग आला होता. कुणाचा ते विचारू नका. तिने खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगणाऱ्यावर चिडता येत नाही म्हणून माणूस चाकावर चिडतो.

पाचव्या दिवशी साहेब स्वतः येणार होता. तो आला नाही, आठव्या दिवशी उगवला. म्हणजे ज्या दिवशी विहीरवाला दोर न्यायला आला, नेमका त्याच सकाळी. साहेबाबरोबर वेबसाइटवाला होता, आणि त्याच्या खांद्यावर निळ्या दोराचं अख्खं भेंडोळं. मागोमाग सुतार, शिंपीणबाई आणि यादीतले आणखी आठ-दहा जण. बोळीत एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. पोरगी कॉलेजला निघाली होती, ती थांबली.

"ताई, मार्ग काढलाय मी," वेबसाइटवाल्याने भेंडोळं खाली टाकलं. "हा घाऊक बाजारातला. आजपासून तुम्ही हाच ठेवा. तागाचाही वळा, कोण नको म्हणतंय? म्हणजे फोटो खरा झाला. झालं समाधान?"

लोक एकमेकांकडे बघून माना डोलावू लागले. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? उलटं चालायला नको, तागाचा वास नको, नवाच्या आतली घाई नको. भेंडोळी आणायची आणि विकायची. मी बायकोकडे पाहिलं. ती त्या भेंडोळ्याजवळ उकिडवी बसली होती. तिने दोराचं टोक घेतलं, बोटांनी उलगडलं, परत पीळ दिला. कुणाच्याही हातचं काम ती आधी मान देऊन बघते, मग नावं ठेवते.

"ठीक आहे," ती म्हणाली.

साहेबाने खिशातून सहीचा कागद आणि पेन काढलं.

"आमच्याकडून विहिरीचा दोर जातो तो लोंबून जातो," ती उठली. "हा तुम्ही आणलाय. तुम्ही बसा." आणि निळा दोर तिने फांदीवरून भिरकावला. टोकाला फास केला, गाठ ओढली. प्लॅस्टिकची गाठ गुळगुळीत, तिने ओढली तशी जरा सरकली. तिने परत ओढली, परत सरकली. नुसती त्या गाठीकडे बघत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळी बोळ बघत राहिली.

"या," ती वेबसाइटवाल्याला म्हणाली. "पाचशे किलो लिहिलंय तुम्ही. तुमचं वजन साठ-पासष्ट असेल."

तो हसला. "ताई, मस्करी करताय."

"दीड वावच वर घेऊ. विहीर दहा वाव असते."

"माझी पाठ दुखते हो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"साहेब?"

साहेबाने पेन उगाचच उघडलं, मिटलं. सुताराकडे पाहिलं. सुतार जमिनीकडे बघत होता. विहीरवाला पुढे येऊन निळ्या गाठीला हात लावून बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता. बहुतेक त्याला त्याचे भाऊ आठवत असावेत.

"आता आमचा," बायको म्हणाली. तिने पंधरा वावांचा नवा दोर फांदीवरून टाकला. बाबा काठी टेकत पुढे आले, सवयीने चपला काढू लागले.

"मामंजी, तुम्ही थांबा," ती म्हणाली. फास तिने माझ्यापुढे धरला. "चाक तुम्ही फिरवलंय."

चाक फिरवणाऱ्याने लोंबायचं नसतं, वळणारा लोंबतो. हा नियम मला पाठ होता. बोलून दाखवलाही असता. पण ती फास धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत हुकूम नव्हता. तिला गरज होती माझी. आठ दिवस ती एकटी सगळ्या गावाला अडवून उभी होती आणि मी तिच्या मागे नव्हतो, समोरच होतो.

मी बसलो. सांगायला लाज कसली, पाचावर धारण बसली होती. बाबा, विहीरवाला आणि बायकोने ओढायला घेतलं. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा मी डोळे गच्च मिटले. फांदी करकरली. डावं मनगट आपोआप ठणकायला लागलं, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तागाचा वास नाकात गेला, कोरडा, चांगला. तीन झोके झाले.

"हिसडा द्या," खालून बायको म्हणाली.

एक दिला. दुसरा दिला. तिसऱ्याची वेळ आली. आठ वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात वाजत होता. मी तोंड उघडून ओरडलो, काय ओरडलो ते मला माहीत नाही, आणि सगळं अंग खाली टाकलं.

दोर तसूभरही हलला नाही.

"अजून एक," बायको म्हणाली.

"तीनच असतात!" मी वरून ओरडलो. लोक हसले, पण दुकानातलं हसणं वेगळं होतं. मी चौथा दिला.

खाली आलो, फासातून पाय काढले. बायकोने साहेबाच्या हातातून पेन घेतलं, कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि लिहिलं. तिच्या पेनाचं टोक मला कण्यावर कळत होतं, सावकाश, एकेक अक्षर. सहीच्या जागी नाही. 'शेरा असल्यास' त्यापुढे.

"शेऱ्यात 'काही नाही' असं लिहायचं असतं," साहेब हळूच म्हणाला.

"काही आहे ना पण." तिने कागद त्याला दिला.

साहेबाने मोठ्याने वाचलं: 'हा दोर आमचा नाही. यावर माणूस सोडू नका.' त्याखाली तिची सही होती.

"असा कागद मला वर पाठवता येणार नाही, बाई. चौकशी लागेल. तुमचं अनुदान जाईल."

"जाऊ दे. पण कागद पाठवा. आणि या सगळ्यांसमोर सांगा, त्यांचा हप्ता माझ्यामुळं अडला की या फोटोमुळं."

साहेब कागदाची घडी घालू लागला. मग सुतारच बोलला, खांद्यावर हात ठेवून. "साहेब, माझ्याही कागदावर शेरा लिहायचा राहिला. कपाट माझं नाही." शिंपीणबाई म्हणाली, "फोटोतला तो परकर माझा नव्हेच." वेबसाइटवाला फोनवर बोलत बोलत बोळीच्या बाहेर गेला. निळं भेंडोळं तिथेच राहिलं, ते पोरीने कपडे वाळत घालायला बांधलं.

सगळं गोड झालं, असं समजू नका. चौकशी लागली, अजून चालू आहे. बाकीच्यांचे हप्ते दोन महिने उशिरा आले. सुताराने रंधा घेतला आणि पुढचे पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. कपाट माझं नाही, असं म्हणून बसल्याचा त्याला मागाहून पस्तावा झाला होता. आमचं अनुदान गेलं ते गेलंच. 'दोरघर' उघडलं तर आता पांढरं पान येतं आणि 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून येतं. निदान ते तरी खरं आहे.

पण त्या दिवशी पोरीने फोटो काढला होता. मी फासात बसलोय, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, एक पाय इकडे, एक तिकडे. विहीरवाल्याने तो तिच्याकडून मागून घेतला. त्याने तो दुसऱ्या विहीरवाल्याला पाठवला, त्याने तिसऱ्याला. मी पोरीला म्हणालो, दुसरा काढ गं, डोळे उघडे असलेला. चारचौघांत दाखवण्यासारखा.

"तोच राहू दे," बायको म्हणाली. "घाबरलेला माणूस बसलाय, हे दिसतंय त्यात. न घाबरता कुणीही बसेल."

परवा सकाळी साडेसातला बोळीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. तीन माणसं उतरली, कधी न पाहिलेली, भुवयांत वाळलेला चिखल. बायको तिसाव्या पावलावर होती, मागे मागे जात होती.

"डोळे मिटून लोंबणाऱ्याचं घर हेच का?" त्यातल्या एकाने विचारलं.

"हेच," ती न थांबता म्हणाली. "एक दोर वळून तयार आहे. जरा थांबा, एवढा पेड होऊ दे. बसून दाखवतील."

पेड पुरा झाला. मी चाकाचा दांडा सोडला, चपला काढल्या आणि झाडाकडे निघालो.